कोरा बुंधा

व्हेतुरियाने बादलीतला चुना काठीने ढवळला, चित्राचा बारीक ब्रश त्यात बुडवला आणि कागदावरच्या अक्रोडाच्या बुंध्यावर अर्ध्यापर्यंत व्यवस्थित हात मारला. मास्तरांनी दिलेल्या रंगपेटीत पांढरा नव्हताच. ईस्टर तोंडावर आलेला, गावातलं झाड न् झाड चुना लावून उभं. आपल्याच चित्रातलं उघडंबोडकं ठेवायचं म्हणजे चारचौघांत नाचक्की.

चित्रकलेच्या वर्गात तिने कागद उलगडला तोवर चुना वाळून त्याचे पोपडे सुटले होते. अर्धा बुंधा टेबलावर सांडला.

"मास्तरांनाच चुना लावलास की गं," शेजारीण साव्हेता म्हणाली, आणि बायका हसून लाल झाल्या.

तिबेरियू मास्तर व्हेतुरियाच्या धाकट्या लेकापेक्षाही लहान होते. ते मात्र हसले नाहीत.

"मावशी, जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. बुंधा कोरा सोडा, भोवतीचं रंगवा."

"म्हणजे काम अर्धवट टाकू?"

"टाकून बघा. वाटतं तेवढं सोपं नाही ते."

नव्हतंच. कोरा बुंधा दिसला की घरधनी आळशी, असं ती जन्मभर म्हणत आली होती. ब्रश आपसूक तिकडे वळायचा. मग ती डाव्या हाताने बुंधा झाकायची आणि उजव्याने गवत रंगवायची. पानांची तऱ्हा निराळीच. एकेक पान काढायला गेलं की झाडाचा गोल गड्डा व्हायचा.

"कोबी छान धरलाय," नवरा इलारिए चष्मा न लावताच म्हणायचा आणि सूप भुरकायला बसायचा.

टोमण्याचं तिला काही नव्हतं. पण तो अक्रोड त्याने लग्नाच्या वर्षी स्वतः लावलेला. डोळे बांधून नुसता हात फिरवला असता तरी त्याने ओळखला असता. त्यालाच तो कागदावर सापडत नसेल, तर बाकी गावाने वाहवा करून काय उपयोग? कोणी न सांगता त्याने तो ओळखावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने किती कागद वाया घालवले ते तिने त्याला कळू दिलं नाही.

उन्हाळ्यातल्या जत्रेला सभागृहात चित्रं लागली. मास्तरांनी मुद्दामच कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. इलारिए टोपी हातात घेऊन आला आणि एकेक चित्र भराभर मागे टाकत निघाला. व्हेतुरिया केकच्या ताटल्या उगाचच इकडच्या तिकडे करत राहिली. 

"हे बघा इलारिएभाऊ," साव्हेता म्हणाली, "कुणाचा तरी बुंधा रंगवायचाच राहिलाय."

इलारिए थांबला. त्याने खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि नाकावर चढवला.

"राहिला नाही," तो म्हणाला. "चुना आहे तो. मीच लावलाय. आमचा अक्रोड आहे हा."

"कशावरून?"

"ही डावी फांदी बघ. वादळात मोडली होती, मी बांधून जगवली. इतकी वाकडी फांदी गावात आणखी कुणाकडे आहे?"

व्हेतुरियाचा ऊर भरून आला. जिथे तिने ब्रश टेकवलाही नव्हता, तिथे त्याला स्वतःचा चुना दिसला होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर ती सगळ्या गावादेखत हसत सुटली असती.

 घरी परतल्यावर इलारिए फाटकाशी रेंगाळला.

"परसातली तुती या आठवड्यात पाडणार होतो. आतून पोखरलीय."

"मग पाड की."

"तसं नाही." त्याने टोपी हातातल्या हातात फिरवली. "तुला किती दिवस लागतील ते सांग. तोवर थांबतो."

व्हेतुरिया परसात गेली. तिने तुतीभोवती एक फेरी मारली, डोळे बारीक करून शेंड्यापर्यंत पाहिलं. इलारिए मागे उभा राहून वाट बघत होता.

"पानं पिवळी होऊ देत आधी," ती म्हणाली. "मला हिरवी नकोत."