वडिलांच्या नावातला कोपरा

वरिष्ठांच्या दारात दोन वर्षं चपला झिजवल्या, तेव्हा कुठे ग्रंथपालबाईंना वर्गाची परवानगी मिळाली. ज्यू लोकांचा इतिहास, संस्कृती आणि विचार, जोडीला हिब्रूची तोंडओळख, प्रौढांसाठी, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, दर बुधवारी दुपारी चार ते सहा, बारा आठवडे. अट एकच होती. बारा विद्यार्थी हवेत, एक जरी गळला तरी वर्ग बंद. बाईंनी ओळखीपाळखीच्या लोकांना गळ घालून कसेबसे बारा जमवले. पहिल्याच बुधवारी त्यांना कळलं, की त्यातले दोघं सख्खे भाऊ आहेत आणि अकरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत.

थोरला शिंपी, धाकट्याचं चष्म्याचं दुकान. दोघांनी सत्तरी ओलांडलेली. दोघंही ज्यूच, पण वडिलांनी लहानपणीच कामाला जुंपल्यामुळे हिब्रूचं एक अक्षरही कुणाला येत नव्हतं. दुसऱ्यानेही नाव नोंदवलंय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दारातच समोरासमोर आले, थबकले, आणि आत येऊन बसले. आधी जो परत फिरेल त्याची हार, असा तो हिशेब होता.

शिकवायला एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. आवाज लोण्यासारखा, हट्ट लोखंडाचा. या परंपरेत एकट्याने शिकत नाहीत, त्या म्हणाल्या, जोडीने शिकतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने त्यात खोट काढायची. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि नको तेच झालं, भावांची जोडी निघाली. वर्ग सुटल्यावर बाईंनी प्राध्यापिकांना परोपरीने विनवलं.

"चिठ्ठी निघाली ती निघाली," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

पुढच्या बुधवारी विषय निघाला हरवलेल्या वस्तूचा. कुणाची वस्तू सापडली तर दवंडी पिटून मालक शोधावा, असं जुने पंडित सांगतात. पण मालकाने ती परत मिळण्याची आशाच सोडली असेल, तर सापडणाऱ्याने ती ठेवावी. आता मालकाने आशा सोडली हे ओळखायचं कसं? बाकीच्या जोड्या वाद घालू लागल्या. थोरल्याने मान वळवून, खिडकी लावायला आलेल्या ग्रंथपालबाईंना गाठलं.

"बाई, यांना सांगा, दुसऱ्याच्या मनातली आशा कुणाला दिसत नसते."

धाकटा थोरल्यापासून हातभर अंतरावर बसला होता. "बाई, यांना सांगा, माणूस तोंडाने बोलला की कळतं. पण त्यासाठी बोलावं लागतं."

झालं. तेव्हापासून बाईंचा टपालवाला झाला. खाली परत आलेल्या पुस्तकांचा ढीग, वर्तमानपत्रं लावायची राहिलेली, आणि बाई वरती या कानातलं त्या कानात घालतायत. निरोप पोचवला नाही तर दोघंही गप्प बसायचे आणि प्राध्यापिका ग्रंथपालबाईंकडे अपेक्षेने पाहायच्या. तिसऱ्या आठवड्यात थोरल्याने वर्ग सोडायची धमकी दिली. चौथ्यात धाकट्याने. बाईंच्या नाकी नऊ आले. कोटाची बाही आखूड करायच्या निमित्ताने त्या शिंप्याकडे गेल्या, चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून धाकट्याच्या दुकानात. दोन्हीकडे तीच गोष्ट ऐकली, फक्त दोषी तेवढा बदललेला.

भांडण वडिलांच्या कबरीवरच्या दगडाचं होतं. थोरल्याला त्यावर हिब्रू अक्षरं हवी होती, आजोबा-पणजोबांच्या दगडांवर असतात तशी. धाकट्याचं म्हणणं, घरात कुणाला वाचता येत नाही ते कोरून कुणाला दाखवायचं. वडील ज्या भाषेत आपल्याला रागावले त्याच भाषेत नाव हवं. थोरल्याने पाथरवटाला काम सांगितलं, धाकट्याने जाऊन थांबवलं. तेव्हापासून दगड कोराच उभा होता. आणि दोघंही वर्गात आले होते ते हिब्रू शिकून दुसऱ्याला गप्प करायला. एकाला दाखवायचं होतं की ती अक्षरं शिकणं मुळीच अवघड नाही; दुसऱ्याला, की ती शिकूनही पोकळच वाटतात. परत येताना बाईंनी कपाळावर हात मारला. एवढं सगळं दोन म्हाताऱ्यांना एकमेकांना सांगता येत नव्हतं, म्हणून आपण जिने चढत होतो.

पाचव्या बुधवारी त्यांचा संयम सुटला. थोरल्याने नेहमीप्रमाणे "बाई, यांना सांगा" म्हटलं, तेव्हा त्यांनी हातातली हजेरीची वही टेबलावर ठेवली.

"मी काही टपाल खातं नाही. वर्ग बंद पडायचा तर पडू दे," त्या म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

वर्ग बंद पडला नाही. पण दोन आठवडे दोघंही येत, आपापलं पान वाचत आणि जात.

आठव्या आठवड्यात अक्षरांचा सराव होता. आईचं किंवा वडिलांचं नाव हिब्रूत लिहा, प्राध्यापिका म्हणाल्या. थोरल्याने पाकिटातून एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. पाथरवटाला द्यायला अकरा वर्षांपूर्वी त्यानेच तयार केलेला. तो समोर ठेवून तो नक्कल करू लागला. बाई तेव्हा नवे खडू घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाहिलं, की धाकट्याने खिशातून भिंग काढलंय आणि तो तिरक्या नजरेने त्या कागदावर वाकलाय. मग त्याने वडिलांचा जुना, हिब्रूतही नाव लिहिलेला दाखला काढून शेजारी ठेवला. तोही दाखला घेऊनच हिंडत होता.

"दादा," तो म्हणाला, "हे अक्षर चुकलंय."

बाई खडूंसकट जागच्या जागी थांबल्या. थोरल्याने मान वर केली नाही. "कुठं?"

"हे. इथे वर कोपरा हवा. तू गोल केलायस. कोपरा असला की द, गोल झाला की र."

शिंप्याने कागद जवळ नेला, लांब नेला. वाचता येत नव्हतं तेव्हा त्याने अक्षरं नुसती आकार पाहून उतरवली होती, कापडावर माप आखावं तशी, आणि हाताच्या सवयीने कोपरा वळवून घेतला होता.

"म्हणजे हे कोरलं असतं तर," तो म्हणाला.

"तर दगडावर भलत्याच कुणाचं नाव लागलं असतं."

त्याने त्या अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तू थांबवलंस ते बरं केलंस, असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस. मला तरी कुठे वाचता येत होतं?"

थोरल्याने पेन्सिल उचलली, नाव पुन्हा लिहिलं, कोपरा दोनदा गिरवला आणि कागद भावाकडे सरकवला. बाई फळ्याकडे गेल्या आणि खडू ठेवायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. आणि या दोघांचा तर त्यांना वैताग आला होता.

वैताग तिथेच संपला असता तर नवल. अकरा वर्षांचं बोलणं साठलेलं, धरणाचे दरवाजे उघडावेत तसं ते सुटलं. दोघं तासभर आधी येऊन खालच्या वाचनकक्षात भांडू लागले, 'शांतता राखा' अशा पाटीच्या बरोबर खाली. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी तक्रार केली. वर्गात त्यांच्या वादात बाकीचे दहाही पडत, आणि बारा आठवडे संपले तेव्हा अभ्यासक्रम जेमतेम निम्मा झाला होता. वरिष्ठांनी विचारलं, किती भाग पूर्ण झाला. बाईंनी खरं ते सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि त्याच बैठकीत पुढच्या सत्राचा अर्ज पुढे केला. बाराही जणांनी आधीच सह्या केल्या होत्या.

दगड कोरून झाला तेव्हा भावांनी त्यांना बोलावलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या गेल्या. वर हिब्रूत नाव, खाली घरच्या भाषेत तेच नाव. त्याखाली वडिलांबद्दल एक ओळ लिहायची होती, तिच्यावर एकमत न झाल्यामुळे जागा मोकळी सोडलेली. भाऊ मात्र वेगळ्याच गोष्टीवरून हमरीतुमरीवर आले होते. धाकट्याच्या मते दगड डावीकडे कलला होता, थोरल्याच्या मते जमीनच तशी होती.

"बाई, तुम्ही सांगा," थोरला म्हणाला. "सरळ आहे की नाही?"

बाईंनी मान तिरकी करून नीट पाहिलं. दगड कललेलाच होता, पण उजवीकडे. त्यांनी तसं सांगितलं.

दोघंही एकदमच त्यांच्याकडे वळले आणि त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगू लागले.