शिडीवरून पडण्याचा आवाज

"आजोबांना लागलं ना?" पहिल्या रांगेतल्या चिमुरडीने रडवेल्या आवाजात विचारलं, आणि इतका वेळ पोट धरून हसणारी वीसेक पोरं चिडीचूप झाली.

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आवाजवाल्याला बरं वाटलं. दिग्दर्शकाच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. सिनेमा घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा, विनोदी, म्हणून तो आधी पोरांना दाखवायची त्याची पद्धत होती. तव्याचा फटका बसला तेव्हा पोरं खिदळली, दारात बोटं चेंगरली तेव्हा लोळली. आणि म्हातारा शिडीवरून पडला, तिथेच हशा नाही.

"आवाज बदला," दिग्दर्शक बाहेर येऊन म्हणाला. "फार खरा वाटतोय."

"एवढा एक खरा राहू द्या, साहेब."

"आपल्याला हसवायचंय, काका. रडवायला घरचे आहेतच की."

आवाजवाला तीस वर्षं पडद्यावरच्या मारामारीला आवाज पुरवत आला होता. गालावरची थप्पड म्हणजे ओला टॉवेल, घसरणं म्हणजे शिट्टी. या शिडीला मात्र त्याने ओल्या वाळूचं पोतं फळीवर टाकलं होतं आणि पुढे नुसती शांतता ठेवली होती.

गेल्या वर्षी बायको स्टुलावरून पडली ती अशीच. तो शेजारच्या खोलीत कामात होता. आवाज त्याने ऐकला, "काय पाडलंस गं?" म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा हेडफोन चढवले. अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठला, तेव्हा ती शुद्ध हरपून जमिनीवर होती. जन्मभर पडण्याचे आवाज काढले आणि घरातलं पडणं ओळखता आलं नाही, याचा त्याला अजून स्वतःचाच संताप येई.

चडफडत त्याने पोतं काढलं, शिट्टी घातली, स्प्रिंग घातली, वर एक घंटी ठोकली. पुढच्या रविवारी तीच पोरं पुन्हा बोलावली. म्हातारा पडला आणि हशाने छत उडायचं बाकी राहिलं. सगळ्यात मोठ्याने तीच चिमुरडी हसली.

"आजोबांना परत पाडा ना," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती त्याला झोंबली.

घरी बायकोने विचारलं, "हसली का पोरं?"

"हसली."

"मग तोंड का असं?"

ती वॉकर सरकवत चहा टाकायला आत गेली. थोड्या वेळाने आत काहीतरी पडलं. आवाज विरायच्या आत तो स्वयंपाकघराच्या दारात होता.

"झाकण पडलं हो नुसतं," ती पाठमोरीच म्हणाली.

"कळलं मला."

ती वाकायच्या आत त्याने झाकण उचलून ओट्यावर ठेवलं, आणि चहा उकळेपर्यंत तिथेच दारात उभा राहिला.