मगरीची गोष्ट कुणाची?

एका यंत्रानं मला या वयात कॉपी करताना पकडलं, आणि हे सांगितलं तर कुणालाच पटत नाही. तुलाही पटणार नाही, असं मी गिरधरला आधीच बजावलं. तो दोंडाईच्याच्या मिरची वाळवायच्या पथारीवर तोलाईला नवाच लागलेला. बाया देठ खुडत होत्या, त्याला जरा सवड होती.

आमच्या गल्लीतली दिपमाला तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पास झाली की बी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं, मिरचीला पुन्हा हात लावायचा नाही, असं तिचं ठरलेलं. परीक्षा ऑनलाइन. त्यात एक काम असं की गावातल्या म्हाताऱ्याकडून गोष्ट ऐका, लिहा आणि कॉलेजला पाठवा. गावात म्हातारे पुष्कळ, पण गोष्ट सांगणारा मी एकटा. मग काय, बठ्ठी पोरं माझ्याच ओट्यावर! तापीतल्या मगरीनं केळ्यांची वॅगन गिळली, ती गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. माझी रीत अशी की ऐकणाऱ्यानं गोष्ट शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायची. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दिपमाला कुठंच चुकली नाही.

नक्कल शोधणाऱ्या यंत्रानं सगळ्यांवर लाल शेरा मारला. बाकीच्यांनी मोबाइलवरून भलतीच गोष्ट उतरवली, चार शब्द इकडचे तिकडे केले आणि सुटले. दिपमाला म्हणाली, ऐकलं तेच लिहिलंय, बदलू कशाला? तिला शून्य मिळालं.

मग मी धुळ्याला परीक्षेच्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, गोष्ट माझी आहे. ते म्हणाले, सांगा. मी सांगितली, त्यांनी ती यंत्रात घातली. यंत्र म्हणालं, ही या म्हाताऱ्यानं दिपमालाची चोरली, तिची आधी आलेली आहे.

गिरधर पोट धरून हसायला लागला. हसत्या माणसाला मध्येच सोडणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून पुढं सांगितलं की साहेबही असेच हसले, त्यांनी तो शेरा पुसला, आणि आज दिपमाला धुळ्यात शाळेवर आहे.

खुडणाऱ्या बायांतल्या एकीनं तोंडावर बांधलेली ओढणी खाली ओढली. हातातला देठ मात्र तिनं आधी तोडला.

"साहेब तुमले भेटनाच नही, आबा. गेटवरूनच परत फिरनात तुम्ही. आणि दिपमाला धुळ्याले नही, मी आठेच शे, या पथारीवर."