मिळालेली प्रत

अंगठ्याला चिकटलेलं लेबल — भागाचा क्रमांक बरोबर, शिफ्टचं अक्षर बरोबर, फक्त लाइनच्या नंबराची जागा कोरी... विजयश्रीने ते सोलून टेबलाच्या कडेला लावलं. हे चौथं. महाळुंग्याच्या या कारखान्यात सहा वर्षं पॅकिंगला काढल्यावर, मोबाइलवर बघून बघून शिकलेल्या प्रोग्रामिंगच्या जोरावर लेबलं छापणाऱ्या कॉम्प्युटरपुढची ही खुर्ची मिळाली होती. आणि सुपरवायझर दौलतराव सकाळीच बजावून गेले होते, दुसरी शिफ्ट सुरू व्हायच्या आत लेबलं नीट निघाली नाहीत तर सोमवारपासून पुन्हा पॅकिंग.

शिफ्टचं अक्षर ती प्रोग्रामच्या नावापुढे टाइप करायची, ते पोचत होतं. लाइनचा नंबर सेटिंगमधून यायचा, आणि ते भरायला तिने वेगळा छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो तीन भरायचा, भरलेला दाखवायचाही — मग लेबलाचा प्रोग्राम लावला की नंबर गायब. जातो कुठे मेला? वैतागून तिने प्रोग्रामला ठाऊक असलेलं सगळंच छापायला लावलं.

ओळींवर ओळी... चालवणारं कोण, घर कुठलं, भाषा कुठली, काय कुठे शोधायचं. अगं बाई, याची पहिली ओळ चालायच्या आधीच याला एवढं ठाऊक! मग माहितीपुस्तिकेत सापडलं: प्रोग्रामला ज्याने सुरू केलं त्याच्याकडून या सगळ्या सेटिंगची प्रत मिळते, आपल्या प्रतीत काहीही बदला, देणाऱ्याच्या मूळ प्रतीत फरक पडत नाही, आणि प्रोग्राम संपला की प्रतही संपते. म्हणजे छोट्या प्रोग्रामने तीन भरला तो स्वतःच्याच प्रतीत, आणि तो संपला तसा तीनही गेला.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. अंगावर काटा आला होता — एवढ्याशा गोष्टीने, वेडीच मी! गावाकडून, औशाहून, आई अजून फोनवर विचारते, खोकी भरतीस का गं. किती समजावलं, तिच्यापर्यंत काही पोचत नाही, म्हणून मी चिडते... आणि मला? मला तिच्याकडून काय काय आलं, न मागता? शिलाई मशीनवर वाकलेली माझी आई, अंबूबाई, बिघडलेली शिवण माझ्या हातात देत: “उसवलं म्हणून कापड फेकतेत व्हय? घाल पुन्हा.” चार लेबलं वाया घालवूनही मी खुर्चीतून उठले नाही, ते कुणाचं?

दोन्ही प्रोग्राम जिथून सुरू व्हायचे त्या फाइलमध्ये, सगळ्यात वर, तिने लाइन तीन लिहिलं. लेबल निघालं, नंबरासकट.

दौलतरावांनी ते उजेडात धरलं, सोमवारचं सोमवारी बघू म्हणाले, आणि जाता जाता विचारलं, “शिकवलं कुणी तुला हे?”

एरवी ती झटकन सांगायची, माझी मीच शिकले. आज ते ओठांपर्यंत आलं, आणि तिला म्हणवेना.