भिंगावरचं भस्म

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडं जा.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरानं माझी भिंगं महिनोन्‌महिने घासली. फिरत फिरत मी हैदराबादच्या जुन्या बाजारात आले आणि तिथून शांतलिंग मास्तरांनी मला त्यांच्या तेर गावी आणलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मला वाटलं, आता आपलं काम सुरू होणार. कसलं काम आणि कसलं काय! ज्याला बघावं तो मला शाळूच्या रानाकडं वळवायचा. शेजारचा लिंबाजी तर रोज यायचा. "मास्तर, बघा की, माझ्या रानात कुणाची ढोरं शिरलीत?" अरे, मी ढोरं राखायला जन्मले का?

माझ्या खऱ्या कामाची ओढ असलेलं एकच माणूस त्या घरात होतं, मास्तरांची आई शरणम्मा. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यावर साय धरत चाललेली. एकदा मास्तरांनी तिला सांगितलं, की वृषभ राशीतल्या बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी एक तारा नऊशे वर्षांपूर्वी फुटला. चिनी लोकांनी तो भर दिवसा बघितला होता. आता तिथं नुसता धुरकट ठिपका उरलाय, आणि तो अजून पसरतोय.

"तारा मरतो व्हय रे?" शरणम्मानं विचारलं. "आपल्या लिंगायतांत माणूस मातीत ठेवतात. ताऱ्याचं काय होतं?"

"त्याची राख मागं राहते म्हण, अव्वा."

"मग ती मला बघायचीय. जन्मभर कपाळाला भस्म लावलं. वरचं कसं असतंय ते डोळे हायेत तवर बघू दे."

राख नव्हे हो ती! वायू आणि धूळ असते. मोठा तारा आपलं इंधन जाळत जातो, त्याच्या पोटात जड जड द्रव्यं तयार होतात, शेवटी लोखंड. लोखंडातून त्याला आणखी ऊब मिळत नाही. मग पोट आत कोसळतं आणि बाहेरचं सगळं उधळलं जातं. त्या उधळलेल्यातून पुढं नवे तारे होतात. तुमच्या घरातल्या विळ्यातलं लोखंडसुद्धा असल्याच ताऱ्यांतून आलेलं. हे सगळं मला ओरडून सांगायचं होतं, पण मला तोंड कुठाय?

पुढं रझाकारांचे दिवस आले. गच्चीवर नळी लावून बसलेला माणूस कुणाच्या नजरेत भरला तर काय घ्या! मास्तरांनी मला ज्वारीच्या कणगीत लपवलं. खंडेनवमीला घरोघर विळे, कोयते, तराजू पुजतात. मास्तर बाहेर गेले असताना शरणम्मानं मला कणगीतून काढलं, पुसलं, फूल वाहिलं आणि ओल्या भस्माचे तीन पट्टे ओढले. कुठं? थेट माझ्या मोठ्या भिंगावर! तेच माझं कपाळ समजली ती. वर टोपण घातलं आणि मला पुन्हा ज्वारीत ठेवलं. मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

माघात तिचा दुसरा डोळाही जायला लागला. तेव्हा भीती बाजूला सारून, दिवेलागणीनंतर मास्तरांनी मला गच्चीवर नेलं, टोपण काढलं, अंदाजानं शिंगाच्या टोकाकडं रोखलं. "आधी तू बघ अव्वा," म्हणाले. ती वाकली. मी आतल्या आत तडफडत होते. अहो, पुसा मला! पुसा!

"दिसलं! शांतू, दिसलं की रे! पांढरं, धुरकट... भस्मच हाय बघ ते!" तिनं हात जोडले.

मग मास्तरांनी डोळा लावला. जवळचा ठळक तारासुद्धा माझ्यातून फिस्कटलेला दिसत होता. त्यांनी पुढून बोट फिरवलं, ते पांढरं झालं.

"काय झालं रे?"

"काही नाही, अव्वा. छान दिसतंय."

घाईघाईनं त्यांनी धोतराच्या सोग्यानं भिंग खसाखसा पुसलं. वाळलेल्या भस्मातल्या खरखरीत कणांनी काचेवर ओरखडेच ओरखडे पडले. आता तो अंधुक ठिपका माझ्यातून दिसणं शक्य नव्हतं. हैदराबादला नेलं असतं तर कुणी दुरुस्त केलं असतं, पण रस्ते धोक्याचे. ते मोकळे झाले तोवर शरणम्माला दिवाही दिसत नव्हता.

पुढं ती आल्यागेल्याला सांगायची, "म्या ताऱ्याची राख बघितली." मास्तर तिथून उठून जायचे.

लोक मला समजावतात, अगं, भस्मसुद्धा ताऱ्यांतूनच आलेलं, मग तिनं खोटं काय बघितलं? मला नाही पटत! तिला वरचं बघायचं होतं, आणि ते दाखवणं एवढंच माझं काम होतं.

तर मित्रांनो, मला फुलं नकोत, भस्म नको. एखादी धड दुर्बीण हाती आली तर मऊ फडक्यानं हलकेच पुसा आणि तिच्यातून बघा. तो ठिपका अजून तिथंच आहे. शरणम्मानं तो बघितलाच नाही.