साखराबाईचं दीड मिनिट

विजयमालाबाईंनी तिसऱ्यांदा नावावर बोट ठेवलं. पडद्यावर नाव होतं, आवाज नव्हता. वरचं नाव दाबून पाहिलं, खालचं दाबून पाहिलं. यादीतल्या एक्केचाळीस मुलांपैकी कुणाचीच आई बोलेना.

शिरूर कासारच्या या हंगामी वसतिगृहात बाई एकोणीस वर्षं कारकून होत्या. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं इथं राहत. पूर्वी टोळी निघायच्या दिवशी बाई एकेका आईचा निरोप वहीत उतरून घेत आणि मूल रडायला लागलं की वाचून दाखवत. निरोप आईचा, गळा बाईंचा. मुलं गप्प व्हायची, पण तेवढ्यापुरतीच. मग इथंच वाढलेला शिवशंकर पुण्यात इंजिनिअर झाला आणि त्यानं वेबसाइट करून दिली. तेव्हापासून बाई आयांचे आवाज फोनवर भरून घेत, सर्व्हरवर चढवत आणि पुढच्या आईसाठी जागा हवी म्हणून फोन रिकामा करत.

वेबसाइटीत काही बदल असला की शिवशंकर फोन करायचा, आणि त्यानं वहीत लिहून दिलेल्या चार कमांड बाई अक्षर अक्षर बघून टाइप करायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना त्या कामाचं फार अप्रूप होतं. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "बाई, त्या वहीला आता पेन्शन देऊन टाका. वेबहुक लावलंय. मी हितं रिपॉझिटरीत, म्हंजी वेबसाइटीच्या मूळ प्रतीत, बदल टाकला की सर्व्हरला सांगावा जातो अन् तो आपला आपण समद्या कमांड चालवतो. तुमी नुस्ता चहा प्या."

आज सकाळी त्यानं वसतिगृहाचा बदललेला फोन नंबर टाकला होता. तेवढाच.

बाईंनी त्याला कळवलं. दोन तास खटपट करून दुपारी त्यानं फोन केला.

"बाई, आवाज तुमी वेबसाइटीच्याच फोल्डरात ठेवलते का?"

"मग कुठं ठेवू? तिथूनच वाजत्यात की."

मग चाचरत त्यानं सांगितलं. रिपॉझिटरीत जे नाही ते आधी पुसायचं आणि मग नवं घ्यायचं, अशी कमांड त्यानंच लिहिली होती. वहीतल्या चारांत ती नव्हती. आवाज बाईंनी हातानं चढवलेले, रिपॉझिटरीला ते ठाऊकच नव्हते. सर्व्हरनं सांगितलं तसं केलं. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"बाकीच्यांचं परत घेता येईल," बाई म्हणाल्या. "फडावर फोन लावते एकेकीला."

"मग झालं की, बाई."

"साखराबाईला कुठं लावू, शिवा?"

साखराबाई मार्गशीर्षात उसाच्या ट्रॉलीखाली गेली होती. तिचा फोटो म्हणून होता तो आधार कार्डावरचा. तिची मोहिनी, पाचवीतली, रोज शाळा सुटली की दप्तर न उतरवताच कचेरीत यायची आणि दीड मिनिट ऐकून जायची.

पाचला ती आली. मशीन बिघडलंय, उद्या बघू, असं सांगायचं बाईंनी ठरवलं होतं. पण उद्या काय सांगणार होत्या? त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि खरं ते सांगून टाकलं.

मोहिनी रडली नाही. पडद्याकडं बघत राहिली.

"समद्यांचं गेलं?"

"समद्यांचं."

"त्यांच्या आया परत बोलतील," ती म्हणाली. बाईंना मान वर करवेना.

"मला पाठ हाय, बाई."

मग हात मांडीवर ठेवून, पुस्तकातला धडा म्हणावा तशी ती एका सुरात म्हणू लागली. "मोहे, येळंवर जेव. केसाला तेल लाव. कुनासंगं भांडू नको. पाडव्याला येते मी." आई जिथं थांबली होती तिथं तीही थांबली, जिथं खोकली होती तिथं खोकली. शब्द एकही चुकला नाही. संपवताना, आई शेवटी बाईंकडं वळून जे बोलली होती, तेसुद्धा तिनं म्हटलं.

"झालं का, बाई? करा बंद."

बाईंचा हात आपोआप फोनकडं गेला आणि तसाच टेबलावर राहिला.