समोरच्या खोलीतल्या सासूबाई

गेनर ब्लँचर्ड स्वतःच्याच घरात रांगत होती. घर मुलाच्या उंचीवरून बघा, असं मुलं सांभाळायच्या प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि त्या उंचीवरून घर फारच वाईट दिसत होतं. सोफ्याखाली दगड झालेला बटाट्याचा काप होता. टीव्हीमागे वायरींचं जंगल होतं. त्याच्या अलीकडे नवऱ्याचे, ट्रेव्हरचे, पाय होते.

"काय हरवलंय तुझं?" त्याने विचारलं.

"मी तीन वर्षांची आहे. बाजूला हो, मला वायर चावायचीय."

"चाव की. मी त्या वयात सिगारेटचं थोटूक खाल्लं होतं. झालं का मला काही?"

गेनरने त्याला खालून वर नीट न्याहाळलं.

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावात, त्यांच्या गल्लीत मुलं सांभाळणारी नोंदणीकृत बाई एकही नव्हती. तीन आया गेनरकडे पोरं सोडायला टपून बसल्या होत्या, पण नोंदणी झाल्याशिवाय पैसे घेऊन एकही मूल घरात ठेवता येत नव्हतं. आणि गेनरला परतीची वाट उरली नव्हती. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची नोकरी सोडताना, स्कॅनर नेमका कुठे खुपसावा हे तिने मॅनेजरला गिऱ्हाइकांसमोर शरीरशास्त्राच्या अचूकतेने सांगितलं होतं. आज तपासणीची बाई येणार होती. ती "नाही" म्हणाली तर त्याच मॅनेजरच्या दारात उभं राहायचं.

बाई वेळेवर आल्या. फिलिपा थ्वेट नाव, सपाट बूट, चेहऱ्यावर काहीच न दाखवायची सवय. त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि गेनरच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. ग्रिम्सबीत आलेल्याला चहा विचारला नाही, तर त्याला हाकलून दिल्यासारखंच. पण मुलं असतील तिथे गरम पेय नको, हेही तिने पाठ केलं होतं. आत्ता मुलं नव्हती. पण ही परीक्षा होती.

"चहा घेणार ना?" ती म्हणाली. "कोमट देते."

"कोमट?"

"सुरक्षिततेसाठी."

थ्वेटबाईंनी चष्मा काढला. "मिसेस ब्लँचर्ड, मी पन्नाशीची बाई आहे. उकळता चालेल मला."

त्यानंतर मात्र गाडी बरी चालली. मुलाच्या घशात घास अडकला तर काय, आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर, अंगावर वळ दिसले तर कोणाला कळवायचं, गेनरने सगळं धडाधड सांगितलं. ट्रेव्हर शेजारी बसून बिस्किटं संपवत होता. त्याला गप्प बसायची सक्त ताकीद होती.

"घरात सोळा वर्षांवरचं कोण कोण राहतं?" थ्वेटबाईंनी विचारलं.

"मी, ही आणि आई," ट्रेव्हर म्हणाला.

गेनरने टेबलाखालून लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली.

"तुमच्या आई?" थ्वेटबाईंचं पेन थांबलं. "त्यांची पोलीस तपासणी झालेली नाही. घरात राहणारा माणूस लपवणं ही गंभीर गोष्ट आहे, मिसेस ब्लँचर्ड. एवढ्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो."

"लपवलं नाही हो," गेनर म्हणाली. "त्या वारल्यात."

"चार वर्षं झाली," ट्रेव्हरने मान हलवली. "समोरच्या खोलीत असते."

थ्वेटबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

तिघंही समोरच्या खोलीत गेले. भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळाशेजारी, एक तपकिरी बरणी होती. एड्ना ब्लँचर्डची राख समुद्रात सोडायचं ठरलं होतं, पण दर वेळी ट्रेव्हरला वारा चुकीच्या दिशेचा वाटायचा.

"टीव्ही दिसावा म्हणून इथे," तो म्हणाला. "काही त्रास नाही तिचा."

"जिवंतपणीच्या मानाने तर अजिबात नाही," गेनर पुटपुटली.

थ्वेटबाईंनी झाकण घट्ट आहे का पाहिलं, मग गेनरकडे वळल्या. "तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, यात काय आहे? काय सांगाल?"

हे तिने पाठ केलेलं नव्हतं.

"सांग, जादूची पावडर आहे," ट्रेव्हर कुजबुजला.

"तू गप रे. पावडर म्हटलं तर उघडेल ना ती." गेनरने हात पुसले. ते कोरडेच होते. "खरं सांगेन. या ट्रेव्हरच्या आई. त्या मेल्या. मेलेल्या माणसाला दुखत नाही. मग त्यांना जाळलं, ही राख उरली. उघडायचं नाही, कारण त्या ट्रेव्हरच्या आहेत. मग विचारेन, खेळायला जायचं का बाहेर."

"आणि मुलीने घरी जाऊन सांगितलं, गेनरच्या बरणीत बाई आहे?"

"तोवर मी तिच्या आईला सांगितलेलं असेल. दारातच, पोरगी न्यायला येईल तेव्हा. पोराकडून कळायच्या आत माझ्याकडून कळायला हवं. कुठलीही गोष्ट."

थ्वेटबाईंनी मान डोलावली.

"मी शिफारस करणार आहे," त्या म्हणाल्या. "फक्त पहिलं मूल यायच्या आत या सासूबाई वर गेल्या पाहिजेत. मुलं खेळतील त्या खोलीत नको."

गेनरला मॅनेजरचं थोबाड आठवलं आणि हसू फुटणार, तेवढ्यात तिने नवऱ्याकडे पाहिलं. ट्रेव्हर बरणीकडे बघत होता. कान लाल झाले होते.

"वर टीव्ही नाही," तो म्हणाला.

"मग घेऊ एक," गेनर म्हणाली. "छोटा."

"तिच्या आवडीच्या कुत्र्यांच्या शर्यती दिसतील असा?"

"त्याच दिसतील असा. त्यांना आपल्या खोलीत ठेव, माझ्या बाजूला नको."

ट्रेव्हरने बरणी उचलली, बाहीने धूळ पुसली आणि जिन्याकडे गेला. पायथ्याशी गेनरने नवं फाटक बसवलं होतं, मुलांना न उघडणारं. एका हाताने ते त्यालाही उघडेना. त्याने दोनदा झटका दिला, एक शिवी दिली, थ्वेटबाईंची माफी मागितली, आणि शेवटी आईला छातीशी धरून फाटकावरून तंगडी टाकली.

"फाटक उत्तम बसवलंय," थ्वेटबाईंनी लिहून घेतलं.